ओठ न हलवता

ऋतुजाचं मन पुरुषाचं निघालं, ही बातमी तिच्या नवऱ्याला, सौमित्र केतकरला, बालसंगोपन मंडळाच्या कचेरीत कळली, आणि खरं सांगायचं तर त्याला आधी हसूच आलं. टेबलापलीकडच्या बाई मात्र हसत नव्हत्या. त्यांनी पडदा दोघांकडे वळवला. वर सौमित्रचा मनालेख, खाली ऋतुजाचा, आणि दोन्हींच्या शेजारी एकच शब्द: पुरुषमन.

"चूक झाली असेल," सौमित्र म्हणाला.

"शंभरात पाच चुका होतात, असं तुमच्याच संस्थेने आम्हाला लिहून दिलंय." बाईंनी चष्मा काढून ठेवला. "मी तरी काय करू? आईबापांत एक तरी स्त्रीमन हवं, असा नियम आहे. शरीर कुणाचं का असेना."

"अंबूचं काय?" ऋतुजाने विचारलं.

"फेरतपासणी मागता येते, एकदाच. दिवाळीनंतर या. तेव्हाही हेच आलं, तर मुलगी दुसऱ्या घरी द्यावी लागेल."

अंबू चार वर्षांची होती आणि गडहिंग्लजच्या एका बालगृहात राहत होती. वर्षभर ही दोघं महिन्यातून एकदा पुण्याहून तिला भेटायला जात होती. मागच्या खेपेला निघताना तिने ऋतुजाच्या ओढणीच्या टोकाला गाठ मारून ठेवली होती. परत आलीस की मीच सोडणार, असं बजावलं होतं. ती ओढणी ऋतुजाने त्यानंतर धुतलीही नव्हती. कचेरीतून बाहेर पडताना ती गाठ तिने मुठीत धरली होती, आणि ते पाहिल्यावर सौमित्रचं हसू कुठल्या कुठे पळालं.

त्याचं दुःख दुहेरी होतं, कारण मनालेख त्याच्याच संस्थेत जन्मलेला. आकडेमोडीची सगळी बाजू त्याने सांभाळली होती.

पुरुषाचं मन वेगळं आणि बाईचं वेगळं, हे आपण सगळेच बोलत असतो. शास्त्राला मात्र ते कधी धड दाखवता आलं नव्हतं. मेंदू उघडून बघा, मोजून बघा, फरक सापडायचे, पण ते एकमेकांत इतके मिसळलेले असायचे, की नुसता मेंदू हातात देऊन हा कुणाचा म्हणून विचारलं, तर भले भले गडबडायचे. मग नव्या संवेदकांची टोपी आली. ती डोक्यावर घालायची, आरामखुर्चीत डोळे मिटून पडायचं आणि मनाला मोकळं सोडायचं. मेंदूतले बारीकसारीक तरंग टोपी टिपायची. पुण्यातल्या, नाशकातल्या, नागपुरातल्या हजारो माणसांचे असे तरंग एका शिकणाऱ्या यंत्राला दाखवले, प्रत्येकाबरोबर हा पुरुष, ही स्त्री एवढंच सांगितलं, आणि काय फरक पाहायचा ते त्याचं त्यालाच शोधू दिलं. त्याने शोधलं. नवा माणूस समोर आला, की शंभरातल्या पंच्याण्णव वेळा यंत्र बरोबर सांगू लागलं.

ते नेमकं काय बघून सांगतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. यंत्राला विचारायची सोय नव्हती, आणि उत्तरं बरोबर येत असल्यामुळे कुणाला विचारायची निकडही नव्हती. संस्थेच्या संचालक डॉ. मैथिली दांडेकर भाषणांतून सांगत, की मानवी मनाच्या तळाशी असलेली वाट अखेर आपल्याला सापडली. मग काय, लग्न जुळवणाऱ्यांनी मनालेख डोक्यावर घेतला, मोठाल्या कंपन्यांनी घेतला, आणि शेवटी सरकारने घेतला. शरीरापेक्षा मन महत्त्वाचं, म्हणून सुधारक मंडळीही खूश होती.

एक बारीक खडा तेवढा दाताखाली आला होता. कोल्हापूरकडच्या बायका मोठ्या संख्येने पुरुषमनाच्या निघत होत्या. बैठकीत यावर चर्चा झाली. तिकडची माणसंच रांगडी, मातीचा गुण आहे, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांना ते पटलं. सौमित्रलाही पटलं होतं. त्याची बायको तिकडचीच, कागलजवळच्या मुरगूडची, चौगुल्यांची. पण ते त्याला तेव्हा आठवलंसुद्धा नाही.

घरी सौमित्रच्या आईने बातमी ऐकली आणि भाजी चिरता चिरता एवढंच म्हणाली, "मला काही फार नवल नाही वाटलं."

"म्हणजे?" सौमित्रने विचारलं.

"अरे, तिचे वडील गेले तेव्हा बघितलंस ना. टिपूस नाही डोळ्यांत. सगळी व्यवस्था स्वतः उभं राहून केली."

सौमित्र आईवर चिडला, पण ते बोलणं त्याच्या डोक्यातून जाईना. ऋतुजा जनावरांची डॉक्टर होती. कळवळणाऱ्या कुत्र्याचं हाड बसवताना तिचा हात जराही कापत नसे, याचं त्याला आजवर कौतुक वाटायचं. आता तोच हात तो निराळ्या नजरेने बघू लागला. ती गाडी मागे घेताना आरशात एकदाच बघते. भांडण झालं की विषय संपवून झोपी जाते. वाढदिवस विसरते. एकेक गोष्ट त्याला पुरावा वाटायला लागली. बायकोकडे असं बघणं बरं नव्हे, हे त्याला कळत होतं आणि तरी तो बघत होता.

ऋतुजाला ते समजल्याशिवाय राहिलं नाही.

"मोजतोयस ना मला?" एकदा जेवताना ती म्हणाली.

"नाही गं."

"मोज की. मी पण मोजतोय." तिने पोळीचा तुकडा ताटात तसाच ठेवला. "अंबू मांडीवर येऊन बसली की मला जे होतं, ते मी आईपण समजत होतो. तुमचं यंत्र म्हणतं ते दुसरंच काहीतरी असणार. मग काय असतं रे ते?"

सौमित्रने तिच्या ताटात उगाचच आमटी वाढली.

ती मोजतोय म्हणाली, समजत होतो म्हणाली, आणि त्याच्या कानाला ते खटकलं नाही, कारण ते त्याच्या सवयीचं होतं. लग्न होऊन ऋतुजा पुण्यात आली, तेव्हा पहिल्याच सणाला सगळ्या नातेवाइकांसमोर "मी आलो हं" म्हणत ती दारातून आत आली आणि सगळं घर खो खो हसलं होतं. तिच्या माहेरी बायका असंच बोलतात. आई, आजी, मावश्या, सगळ्या आलो, गेलो, जेवलो म्हणतात, आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही. सासूबाईंनी तिला बाजूला घेऊन समजावलं, "अगं, आले म्हणावं. लोक नावं ठेवतात." ऋतुजा हुशार, पंधरवड्यात तिने जीभ वळवली. दवाखान्यात, शेजारीपाजारी, सासरच्या माणसांत ती आले, गेले असं चोख बोलू लागली. फक्त दोघंच असली की मूळ बोली बाहेर यायची. सकाळी दवाखान्यात निघताना ती दारातून हळूच म्हणायची, "येतो रे." त्या एका शब्दाने सौमित्रला दिवसभर बरं वाटायचं. हा शब्द पुण्यात फक्त आपल्या वाट्याला येतो, याचा त्याला आतून अभिमान होता.

एका रविवारी तो स्वयंपाकघरात मटार सोलत बसला होता आणि बाहेर ऋतुजा आईशी फोनवर बोलत होती.

"जेवलो की मगाशीच. नाही गं, दमलोय जरा. सकाळपासनं एका कुत्र्याला टाके घालत बसलो होतो. येतो की दिवाळीला. अंबूचं? काय सांगू आता तुला. रातभर जागा असतो बघ."

सौमित्रच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्याने ते शब्द स्वतःशी उच्चारून पाहिले. जेवलो. दमलोय. येतो. मग ऋतुजाला त्याच्या आईने शिकवलेलं: जेवले, दमलेय, येते. एकात ओठ गोल होत होते, दुसऱ्यात पसरत होते.

माणूस मनात बोलतो तेव्हा ओठ हलत नाहीत, पण मेंदू ते हलवायची तयारी करतोच. हुकूम निघतो आणि वाटेत अडवला जातो. त्या अडलेल्या हुकमाचे तरंग टोपीला ऐकू येतात. खुर्चीत डोळे मिटून पडलेला माणूस करतो तरी काय? स्वतःशी बोलतो. आता घरी जातो, विसरलो वाटतं, थकलो बाबा. आणि मराठीत स्वतःशी बोलायचं तर आपण बाई की पुरुष हे क्षणोक्षणी सांगितल्याशिवाय बोलताच येत नाही. यंत्राने मनाचा तळबिळ काही गाठला नव्हता. ते गोल ओठ आणि पसरट ओठ मोजत होतं.

सोमवारी सौमित्रने प्रयोगशाळेत स्वतःच टोपी चढवली, डोळे मिटले आणि मनात घोकायला लागला. मी ऑफिसला जाते. मी डबा आणते. मी काल फार दमले होते. सुरुवातीला फार विचित्र वाटलं, मग जमत गेलं. यंत्राने निकाल दिला: स्त्रीमन, ठळक. आधीच्या नोंदींत त्याच्याच डोक्याचा निकाल पुरुषमन, ठळक असा होता. मग त्याने जुन्या सगळ्या नोंदींतून ओठांच्या हालचालीचा भाग वगळला आणि यंत्राला पुन्हा विचारलं. यंत्राची दातखीळ बसली. अगदीच फरक उरला नाही असं नव्हे, थोडा उरला. पण त्याहून मोठा फरक कुठल्याही दोन बायकांत सापडला असता.

घरी येऊन त्याने ऋतुजाला सगळं सांगितलं. ती आधी बघतच राहिली. मग जी हसत सुटली ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"म्हणजे तुझ्या आईंनी तोंडातलं सुधारलं आणि मनातलं राहिलं," ती म्हणाली.

"तसंच काहीसं."

"मग सांग ना त्यांना. उद्याच्या उद्या सांग."

सौमित्र खुर्चीत बसला. हे बोलणं येणार हे त्याला ठाऊक होतं आणि उत्तर त्याने वाटेतच तयार केलं होतं. आत्ता सांगितलं, तर मनालेख बंद पडेल. मंडळ चौकशी लावेल आणि ती होईतो सगळी प्रकरणं गोठवेल. चौकशी म्हणजे वर्ष, कदाचित दोन. अंबू तोवर तिथेच. त्यापेक्षा फेरतपासणीपर्यंत ऋतुजाने मनातली बोली बदलली, तर काम होण्यासारखं आहे. त्याचा स्वतःचा निकाल ठळक पुरुषमन, तो एकदम उलटला तर संशय येईल. अंबू एकदा घरी आली की तो स्वतः दांडेकर मॅडमसमोर जाऊन उभा राहील.

यातला शब्द न् शब्द खरा होता. मनालेखाच्या शोधनिबंधावर आपलंही नाव आहे, हे मात्र त्याने सांगितलं नाही. तेही तितकंच खरं होतं.

"तोंडातलं दिलं, आता मनातलं पण द्यायचं," ऋतुजा म्हणाली.

"थोडे दिवस फक्त. अंबूसाठी."

"अंबूसाठी देतो की मी. काहीही देतो. पण तू सांगशील ना नंतर? तिकडच्या किती बायकांना हे भोवलं असेल रे."

"सांगतो. शब्द देतो."

आणि ऋतुजा कामाला लागली. तोंडातली बोली वळवणं सोपं होतं. चुकलं की समोरचा हसायचा आणि कळायचं. मनातलं कुणाला ऐकू जात नाही, त्यामुळे ते पकडायचं कुणी? पकडायला गेलं की मन गप्प बसायचं आणि नजर वळली की पुन्हा आपलं कमरेवर हात ठेवून बोलायला लागायचं: विसरलोच बघ. तिने एक युक्ती काढली. मनात काही बोलायचं झालं की आधी ओठ पसरायचे. कुकर लावताना ओठ पसरून मनात म्हणायचं, मी भात लावते. कुलूप घालताना, मी निघते. दवाखान्यातली माणसं म्हणू लागली, डॉक्टर हल्ली हसतमुख असतात. गाल दुखतात रे, असं ती सौमित्रला सांगायची आणि दोघं हसायची. पुढे पुढे गाल दुखायचे थांबले.

एकदा पहाटे तिला स्वप्न पडलं. वडील अंगणातून हाक मारत होते आणि ती आतून ओरडत होती, "आले, आले." वडील म्हणाले, कोण आलंय पाहुणं? ती दचकून उठली. सौमित्रला तिने हे सांगितलं तेव्हा ती रडत होती. आईला ही रडताना दिसायला हवी होती, असा विचार सौमित्रच्या मनात आला आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

दिवाळीनंतर फेरतपासणी झाली. टेबलापलीकडच्या त्याच बाईंनी निकाल वाचला, स्त्रीमन, आणि मनापासून हसल्या. "बघा, मी म्हटलं नव्हतं? होतं असं कधी कधी." महिन्याभरात अंबू घरी आली. आल्या आल्या तिने ओढणी मागितली आणि दातांनी ती गाठ सोडली. ऋतुजाने तिला पोटाशी धरलं, आणि कोणाच्या मनात काय आहे हे सांगायला त्या क्षणी कुठल्याही यंत्राची गरज नव्हती.

सौमित्रने मात्र सांगितलं नाही. आधी अंबूच्या शाळेची गडबड होती. मग तिला गोवर आला. मग दांडेकर मॅडमना परदेशात मोठा सन्मान मिळाला, आणि सन्मान समारंभाच्या तोंडावर असं काही बोलणं बरं दिसलं नसतं. ऋतुजाच्या मामेबहिणीचं ठरलेलं लग्न मनालेखापायी मोडलं, तेव्हा त्याने सरळ फोनच उचलला होता. पलीकडून मॅडम इतक्या आपुलकीने बोलल्या, की त्याने नव्या संवेदकांबद्दल काहीतरी विचारून फोन ठेवला. त्यात सरकारने पाच वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाचा मनालेख शाळेसाठी सक्तीचा केला. नव्या कामाची जबाबदारी सौमित्रकडेच आली.

ऋतुजाने सुरुवातीला दोन-तीनदा विचारलं. नंतर विचारेनाशी झाली.

जूनमधली गोष्ट. सकाळची वेळ होती. दवाखान्यात जाता जाता ऋतुजा अंबूला शाळेत सोडणार होती. तिने पर्स खांद्याला अडकवली, दार उघडलं आणि म्हणाली, "येते."

सौमित्र चहाचा कप घेऊन उभा होता. घरात बाहेरचं कुणी नव्हतं. आईसुद्धा देवळात गेली होती. दोघंच असताना मिळणाऱ्या त्या शब्दाची तो रोज सकाळी वाट बघायचा. तपासणी झाली की परत येईल, अशी त्याची समजूत होती. तो आला नव्हता. ऋतुजा काही राग धरून तसं म्हणत नव्हती. तिच्या मनातच आता ते असं उमटत होतं.

"मी बी येतो, बाबा," अंबू म्हणाली.

ऋतुजा खाली वाकली आणि तिच्या बुटाचा पट्टा लावता लावता म्हणाली, "येतो नाही गं बाळा. येते म्हणायचं."

"तू तर येतोच म्हणायचीस. तिकडं आलीस की."

"तेव्हा मला नीट बोलता येत नव्हतं."

हे वाक्य ऋतुजा इतक्या सहज बोलली, की सौमित्रने कप खाली ठेवला. "अगं, म्हणू दे की तिला," तो म्हणाला. "काय बिघडतंय?"

ऋतुजा उठून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ओठ जरासे पसरलेले होते, हल्ली असायचे तसे.

"पुढच्या वर्षी हिचा मनालेख आहे, सौमित्र. तूच घेणार आहेस. सांगितलंस त्यांना?"

अंबू खालून एकदा आईकडे, एकदा बाबाकडे बघत होती.

"उद्या सांगतो," सौमित्र म्हणाला.

ऋतुजाने मान हलवली आणि अंबूचा हात धरला. अंबू उंबऱ्यावर थांबली, तिने ओठ ताणून पसरले आणि जपून उच्चारलं, "येते, बाबा." बरोबर आलं का, हे बघायला तिने आईकडे पाहिलं. आई हसली. दोघी जिना उतरल्या.

सौमित्र दारात उभा राहिला. उद्या सांगतो, असं तो मनाशी पुन्हा एकदा म्हणाला, ओठ न हलवता. मनालेखाने ते शब्द बिनचूक टिपले असते आणि शेजारी लिहिलं असतं, पुरुषमन, ठळक. तो खरंच सांगणार आहे की नाही, एवढं मात्र त्या यंत्राला कळलं नसतं.